अहवालातून वगळलेलं पान

डॉ. नंदकुमार इंगवले तपासणीला येणार म्हटलं, की भल्याभल्या कॉलेजांची धावपळ उडायची. कोल्हापुरात चौतीस वर्षं औषधशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यानंतर विद्यापीठानं त्यांना बाहेरचे परीक्षक म्हणून इतक्या ठिकाणी धाडलं, की रंगाच्या वासावरून ते सांगायचे, भिंत काल रंगवली की परवा. एका कॉलेजात त्यांनी ग्रंथालयातलं पुस्तक उघडून आतला दुसऱ्याच कॉलेजचा शिक्का प्राचार्यांना दाखवला होता. दुसऱ्या एका ठिकाणी खाटेवरच्या पेशंटची नाडी बघता बघता त्यांनी विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला घरी कधी सोडणार?" आणि तो बिचारा बोलून गेला होता, "साहेब गेले की."

अशा माणसाकडे फेब्रुवारीत बेलापूरच्या जैवनीती शिक्षण केंद्राचं काम आलं. एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजनं सात वर्षांपूर्वी हे केंद्र काढलं होतं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना तिथं शिकवायचे, की रुग्णाला त्याच्या भाषेत सगळं सांगावं, त्याची संमती खरीखुरी घ्यावी, त्याचं गुपित राखावं, आणि औषधांच्या चाचण्यांमध्ये माणसाचा नुसता आकडा होऊ देऊ नये. केंद्राला कायमची मान्यता द्यायची, तीन वर्षांची द्यायची, की ते बंद करायचं, हे नंदकुमारांच्या अहवालावर ठरणार होतं.

"नीती काय फळ्यावर लिहून शिकवायची वस्तू आहे?" बॅग भरताना ते बायकोला, गीतांजलीला, म्हणाले. "घरी शिकला तर शिकला माणूस. नाहीतर सर्टिफिकेट घेऊन मोकळा."

"जाऊन बघा तरी," ती म्हणाली.

कोल्हापूरची बस त्यांना सकाळी हायवेला सोडून गेली. केंद्र कॉलेजच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना नंदकुमारांनी सवयीनं वास घेतला. रंगाचा वास नव्हता. भिंतींचे पोपडे होते तिथंच होते. वर दारात पुष्पगुच्छ नव्हता, शाल नव्हती, फोटोग्राफरही नव्हता. साध्या सुती साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. केसांत थोडी चांदी, हातात एकच कागद. या केंद्राच्या प्रमुख, डॉ. शर्मिला गमरे. त्यांचं मूळ गाव मंडणगडकडचं. वडील इथल्याच एका सरकारी ऑफिसात शिपाई होते आणि नेरूळच्या दोन खोल्यांत चार भावंडं शिकली होती. नंदकुमारांना हे नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच दिसलं, की बाई घाबरलेल्या नाहीत.

"सर, चहा येतोय. तोवर एक विनंती," शर्मिला म्हणाल्या. "तीन दिवस तुम्ही आमच्या मुलांशी, शिक्षकांशी बोलणार. त्याआधी प्रत्येकाची संमती घ्याल ना?"

"संमती? तपासणीत?"

"ते बोलतील ते तुम्ही लिहून नेणार. ते कोण वाचणार, त्याचं पुढं काय होणार, आणि नको वाटलं तर बोललेलं मागे कसं घ्यायचं, हे त्यांना आधी ठाऊक असायला हवं."

"मॅडम, एकोणीस संस्था तपासल्यात मी. हे मला कुणी विचारलेलं नाही."

"आमच्याकडं जे जे आले, त्या सगळ्यांना आम्ही विचारलंय," त्या शांतपणे म्हणाल्या.

नंदकुमारांना राग आला, पण बोट कुठं ठेवावं ते सापडेना. गोष्ट बरोबर होती. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात एक पान तयार केलं. "बोललेलं मागे घ्यायची मुदत किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

"अहवाल तुमच्या हातून विद्यापीठाच्या हातात जाईपर्यंत." कागदावरून नजर फिरवून शर्मिला पुढे म्हणाल्या, "आता हा चांगुणाबाईंना वाचून दाखवा. त्यांना समजला की झालं."

चांगुणाबाई तांडेल शेजारच्याच करावे या गावच्या. पासष्टी उलटलेली, कपाळावर गोंदण, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट आवळलेली. उभा जन्म खाडीच्या मासळीवर काढलेला. शाळा दुसरीपर्यंत. गेली पाच वर्षं त्या केंद्राच्या अकरा रुग्ण-शिक्षकांपैकी एक होत्या. मुलांनी त्यांच्यासमोर बसून ऑपरेशन समजावायचं, चाचणी समजावायची, आणि पास की नापास ते त्यांनी ठरवायचं. त्या सगळ्यांनाच अरेतुरे करायच्या. कॉलेजच्या डीनसाहेबांनाही.

"वाच," खुर्चीत मांडी घालून बसत त्या म्हणाल्या.

नंदकुमारांनी घसा साफ केला. "'सदर मूल्यमापनाच्या अनुषंगाने आपणाकडून प्राप्त होणारी माहिती...'"

"थांब. तू कोनाशी बोलतंस? माजेशी, क सरकारशी?"

दाराशी उभी असलेली दोन मुलं हसू दाबत आत गेली. नंदकुमारांनी कागद बाजूला ठेवला आणि तोंडी सांगायला सुरुवात केली. हे केंद्र नीट चाललंय का, ते बघायला विद्यापीठानं मला पाठवलंय. मी तुम्हाला प्रश्न विचारीन. बोलायचं नसेल तर बोलू नका.

चांगुणाबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी नाय बोलले, तं शर्मिलाबायचा सेंटर बंद व्हईल?"

"नाही. म्हणजे, तसं नाही."

"मंग कसा?"

नंदकुमारांनी बाजूला ठेवलेल्या कागदाकडे पाहिलं. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण कागदावर ते लिहिलं नव्हतं. "तुम्ही एकट्या बोलला नाहीत म्हणून बंद होणार नाही," ते सावकाश म्हणाले. "पण सगळं ऐकून मी जे लिहीन, त्यावरून विद्यापीठ ठरवेल. बंदही करू शकेल."

"ह्या आदी सांगाला पायजे होता," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता परत पयल्यापासून सांग."

तिसऱ्या खेपेला त्यांनी मान डोलावली. "समजला. लिव माजा नाव."

जेवायच्या सुटीत नंदकुमार खिडकीशी उभे राहिले. खाली मेट्रोच्या पुलावरून तीन डबे सरकत गेले. त्यांना अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद सालची एक बाई आठवली. कोल्हापूरच्या वॉर्डातली, कागलकडची. एका औषधाच्या अभ्यासासाठी ते तिची सही घेत होते आणि तिनं विचारलं होतं, "सही नाही केली तर हाकलून लावशिला काय?" ते हसले होते. शेजारचे दोघेही हसले होते, आणि बाईनं सही केली होती. त्या हसण्याला तिनं काय समजून सही केली असेल, हा प्रश्न त्यांना आज, सत्तरीला आल्यावर पडत होता.

दुपारभर ते वर्गात मागच्या बाकावर बसले. तिथं भाषणं जवळजवळ नव्हतीच. एक मुलगा एका रिक्षावाल्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन समजावत होता, आणि रिक्षावाला मध्येच म्हणत होता, "डॉक्टर, तुमी फास्ट बोलता. मला टेन्शन येतं." मुलगा थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. चार वेळा तो चुकला. शिक्षकानं त्याला एकदाही रागावलं नाही आणि एकदाही सोडलं नाही.

संध्याकाळी शर्मिलांनी त्यांच्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवली. नंदकुमारांनी ती उघडली, आणि आपण काय वाचतोय यावर त्यांचा विश्वास बसेना. इतर संस्था यशाची फाइल ठेवतात. ही अपयशाची होती. शिकून गेलेल्या प्रत्येक तुकडीच्या मागावर केंद्र वर्षभरानं जायचं. आपला विद्यार्थी वॉर्डात संमती घेऊन गेला, की मागाहून त्या रुग्णाच्या परवानगीनं रुग्णालाच विचारायचं, काका, काय समजलं सांगा. पहिल्या तुकडीच्या वेळी दहा रुग्णांतल्या तिघांना समजलं होतं. खाली शर्मिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: "आपण मुलांना कायदा शिकवला. बोलायला शिकवलं नाही." त्यानंतर चांगुणाबाई, रिक्षावाले, पोळ्या करणाऱ्या बाया शिक्षक म्हणून आल्या. ताज्या नोंदीत आकडा दहात सात होता.

"आणि उरलेले तीन?" नंदकुमारांनी विचारलं.

"घाई असते. कधी भाषा आडवी येते. आणि आमची मुलं घाबरतात, सर. सीनियर शेजारी उभा असला, की त्याच्यासमोर पेशंटला प्रश्न विचारत नाहीत. तिथं आम्ही अजून कमी पडतो."

नंदकुमारांनी विद्यापीठानं दिलेला अहवालाचा नमुना उघडून पाहिला. कायमच्या मान्यतेसाठी एक रकाना सक्तीचा होता: शिक्षणामुळे प्रत्यक्ष रुग्णसेवेत फरक पडल्याची किमान एक ठोस घटना. आकडे चालत नव्हते. घटनाच हवी होती. 'मिळो,' त्यांच्या मनात आलं, आणि परीक्षकानं असं म्हणायचं नसतं हेही पाठोपाठ आलं.

दुसऱ्या दिवशी ती मिळाली.

जाई नाबर ही केंद्रात शिकून गेलेली मुलगी. तेवीस वर्षांची, बारीक आवाजाची, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. सध्या ती नवी मुंबईतल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात इंटर्न होती. नंदकुमारांनी तिला सगळं समजावून सांगितलं, आता त्यांना ते जमू लागलं होतं, आणि तिनं कागदावर सही केली. सुरुवातीला ती मोजकंच बोलली. मग त्यांनी विचारलं, "सीनियरसमोर कधी तोंड उघडलंस का?"

तिनं ओढणीचं टोक बोटावरून सोडवलं. "एकदा."

गंगाराम नावाचे एक गृहस्थ होते. द्रोणागिरीच्या गोदामात माल चढवायचं काम. साखर वाढलेली, त्यात पायात खिळा घुसलेला, आणि जखम चिघळलेली. हॉस्पिटलात जखमेवरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. गंगाराममामांनी फॉर्मवर सही केली होती. साक्षीदार म्हणून जाईनं सही करायची एवढंच बाकी होतं.

"पेन हातात होतं," जाई म्हणाली. "मी विचारलं, मामा, कशावर सही केलीत, मला सांगा ना. ते म्हणाले, पाय कापू नये म्हणून."

"म्हणजे?"

"त्यांना वाटत होतं, सही केली नाही तर पाय कापतील. मी सरांना म्हटलं, यांना समजलेलं नाही, मी साक्षीची सही करू शकत नाही. राउंडला आलेले सगळे डॉक्टर उभे होते. सर म्हणाले, तू इंटर्न आहेस की वकील? मी पेन ॲप्रनच्या खिशात ठेवलं. म्हटलं, सर, मी त्यांना परत समजावते, मग ते म्हणतील तसं."

"मग?"

"सर निघून गेले. मी खाटेवर बसून अर्धा तास मामांशी बोलले. चाचणीत नाही आलात तरी नेहमीचा इलाज होणारच, हे सांगितलं. ते म्हणाले, मग मला नेहमीचाच द्या. तो फॉर्म रद्द झाला. नेहमीच्या ड्रेसिंगवर जखम भरली. आता चालतात ते."

"आणि तुझे सर?"

"महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. मग एकदा मी वॉर्डात असताना ते एका आजींना विचारत होते, काय समजलं ते सांगा बघू. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. पण विचारत होते."

नंदकुमारांची लेखणी थांबली होती. आपली पुरी नोकरी डोळ्यांसमोर आणली, तरी आपल्या हाताखालच्या एकाही मुलानं हे केल्याचं त्यांना आठवेना. आणि केलं असतं, तर आपण त्या सरांसारखेच वागलो असतो, हेही त्यांना स्पष्ट दिसलं. "फार मोठं काम केलंस," ते म्हणाले. जाई लाजून उठली.

गेस्ट हाउसवर पोचताच त्यांनी ती घटना लिहून काढली. दीड पान झालं. गंगारामचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, जाईचंही नाही. इतकं चांगलं पान आपण कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही, असं त्यांना वाटलं. केंद्राचं काम झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाई जिन्यात उभी होती. ड्यूटीच्या आधी धावत आलेली, पाठीवर सॅक.

"सर, काल मी सांगितलं ते काढून टाकाल का?"

"का गं? कुणी काही बोललं का तुला?"

"नाही. मीच रात्री विचार केला. माझी संमती मी दिली, पण गोष्ट एकट्या माझी नाहीय. म्हणून आज सकाळी गंगाराममामांना फोन लावला. ते म्हणाले, बाई, माझं नको कुठं काही."

"नाव नाहीच आहे त्यात. हे बघ." त्यांनी तिथंच पायरीवर लॅपटॉप उघडला.

जाईनं वाचलं. "फार छान लिहिलंय, सर. पण त्या महिन्यात तसा पेशंट एकच होता आणि साक्षीची सही नाकारणारीही एकच. तिथलं कुणीही वाचलं तर ओळखेल. मामा अजून दर महिन्याला तिथंच दाखवायला जातात. त्यांना दुसरं हॉस्पिटल परवडायचं नाही."

"ओळखलं तर काय बिघडलं? यात वाईट काय आहे?"

"काही बिघडणारही नाही कदाचित. पण ते नको म्हणाले."

नंदकुमारांना ते पान डोळ्यांपुढून जाताना दिसत होतं. आणि मग ते बोलू नये ते बोलून गेले. "जाई, हे पान नसलं तर केंद्राला कायमची मान्यता मिळणं अवघड आहे. तेवढा विचार कर."

जाईचा चेहरा उतरला. तिनं सॅकचा पट्टा घट्ट धरला. जिन्यातून दोन मुली हसत वर गेल्या, त्या दिसेनाशा होईपर्यंत ती थांबली.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं, सर," ती म्हणाली. आवाज बारीकच होता, पण नजर खाली गेली नाही.

चौतीस वर्षांच्या मास्तरकीत एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. "बरोबर आहे तुझं. नको होतं," ते म्हणाले. "मला दहा मिनिटं दे."

ते वर शर्मिलांच्या खोलीत गेले. का गेले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शर्मिला कदाचित त्या मुलीची समजूत घालतील, अशी चोरटी आशा असावी. "मॅडम, कालच्या मुलाखतीत एकीनं मला अशी गोष्ट सांगितली..."

शर्मिलांनी हात वर केला. "सर, मला सांगू नका. ती तुमच्याशी बोलली, माझ्याशी नाही."

"ती मागे घ्यायचं म्हणतेय."

"मग घेऊ द्या."

"ऐका तरी. त्यात तुमचं नुकसान आहे. मोठं नुकसान."

टेबलावरच्या फाइलवर शर्मिलांनी तळहात ठेवला. सात वर्षांत त्यांनी दोनदा बढती सोडली होती. दर वर्षाअखेरीला पुढचं वर्ष मिळेल की नाही याची वाट पाहिली होती. नंदकुमारांनी कागदपत्रांत हे सगळं वाचलं होतं.

"मला कायमची मान्यता हवीय हो," त्या म्हणाल्या. "खूप हवीय. पण ही पोरं इथून शिकून गेलीत. त्यातली एक नको म्हणतेय, आणि मी तिला हो म्हणायला लावू? मग सात वर्षं मी काय शिकवलं त्यांना?"

नंदकुमार खाली आले. जाईसमोर त्यांनी ते दीड पान पुसलं, वहीतली हातानं लिहिलेली तीन पानं फाडून तिच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता दुसरीकडं कुठं नाही. बघून घे." जाईनं खरंच बघून घेतलं. मग त्यांना वाकून नमस्कार केला आणि ड्यूटीला पळाली.

अहवाल त्यांनी कोल्हापुरात बसून आठ दिवसांत लिहिला. असा अहवाल त्यांच्या हातून पूर्वी उतरला नव्हता. अपयशाच्या फाइलीबद्दल त्यांनी दोन पानं लिहिली. मी पाहिलेल्या संस्थांत स्वतःला इतक्या कठोरपणे तपासणारी ही पहिलीच, असं स्वच्छ म्हटलं. परीक्षकालाही इथं संमतीचा धडा घ्यावा लागला आणि त्यात तो दोनदा नापास झाला, हेही लिहिलं. पण कौतुकाच्या भरात त्यांनी उणिवा झाकल्या नाहीत. परिचारिकांना काहीच शिकवलं जात नाही, आणि रुग्णाच्या सगळ्यात जवळ तर त्याच असतात. मुलांना निर्भय व्हायला सांगायचं, पण ज्यांची भीती वाटते त्या वरिष्ठांसाठी एकही वर्ग नाही. हे सारं त्यांनी मांडलं. सक्तीच्या रकान्यात त्यांनी चार शब्द लिहिले: "नोंद देता येत नाही."

गीतांजलीनं ते पान वाचलं. नवऱ्याच्या प्रत्येक तपासणीची कथा तिनं जेवताना चवीनं ऐकली होती. "म्हणजे? होतं काय असं?"

"आहे सांगण्यासारखं. पण सांगता येत नाही."

"मलासुद्धा?"

"कुणालाच."

तिनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, कागद खाली ठेवला आणि भाकरी वाढली.

मार्चमध्ये विद्यापीठाच्या समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी अहवाल उलटसुलट केला. "इंगवले, तुम्ही कुणाचं एवढं कौतुक केलेलं मला आठवत नाही. मग हा रकाना रिकामा का?"

"रिकामा नाही. देता येत नाही असं लिहिलंय."

"म्हणजे घटना आहे, पण तुम्ही देत नाही?"

'आहे' म्हणावं, असं जिभेच्या टोकाशी आलं. पण 'आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न, मग त्याच्या पुढचा. "साहेब, लिहिलंय तेवढंच माझं उत्तर," ते म्हणाले.

नियम तो नियम. केंद्राला तीन वर्षांची मान्यता मिळाली. नंदकुमारांनी आपला वेगळा अभिप्राय नोंदवायला लावला. जिथं गुपित राखायला शिकवतात, तिथं गुपित फोडल्याशिवाय पूर्ण गुण मिळू नयेत, हा नमुन्यातलाच दोष आहे. तो रकाना बदला. त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी नमुना सुधारायला तिघांची उपसमिती नेमली गेली, आणि त्या तिघांत त्यांचंही नाव पडलं.

बैठकीतून बाहेर पडल्या पडल्या त्यांनी शर्मिलांना फोन केला.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "मला कायमची हवी होती तुमच्यासाठी."

"मलाही हवी होती," पलीकडून आवाज आला. मग तिकडं दार लावून घेतलेलं ऐकू आलं. शर्मिला रडत असाव्यात, असं त्यांना वाटलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. नंतर नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्ही परिचारिकांचं लिहिलंत ते अगदी खरं आहे, सर. सात वर्षांत आमच्या डोक्यातच आलं नाही. जुलैपासून त्यांचा वर्ग सुरू करतोय. औषधाची चाचणी म्हणजे नेमकं काय, ती कशी चालते, त्यात पेशंटचे हक्क काय, हे साध्या मराठीत सांगणारं कुणीतरी हवंय. याल?"

"परीक्षकानं शिकवायला यायचं?"

"तुमचं परीक्षण आता संपलं. विचार करून सांगा. नाही म्हणालात तरी चालेल."

त्यांना विचार करावा लागला नाही.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी केंद्रातल्या त्याच वर्गात सव्वीस परिचारिका बसल्या होत्या, काही ड्यूटी संपवून, काही ड्यूटीच्या आधी. नंदकुमारांनी दीड तासाची तयारी केली होती. पाच मिनिटं बोलून झाली आणि मागच्या बाकावरून पहिला हात वर आला. त्यानंतर हात खाली जाईनातच. कुणी विचारलं, पेशंटला चाचणीतून मध्येच बाहेर पडायचं असेल तर आम्ही कुणाला सांगायचं. कुणी विचारलं, डॉक्टर आमचं ऐकत नाहीत तेव्हा काय. दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना आली नाहीत. ती त्यांनी वहीत लिहून घेतली आणि पुढच्या शनिवारी सांगतो म्हणाले.

वर्ग तीन तास चालला. कोल्हापूरची बस निघून गेली होती. नंदकुमारांनी शर्मिलांच्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी खाल्ली, फळा पुसला आणि मागून येणाऱ्या बसचं तिकीट काढलं.